परतीची शिदोरी

वऱ्हाडांतील लोक ज्याला बालाघाट म्हणतात तो डोंगराळ मुलूख जेथें संपतो आणि पूर्णेच्या खोऱ्यांतला पायनघाट जेथें सुरू होतो, त्या सीमेवर, डोंगराच्या अगदीं पायथ्याशीं, रोहिणखेड हें गांव वसलेलें आहे. आज तें बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यांतील एक शेतकऱ्यांचें गांव आहे. परंतु तेथील जुनी दगडी मशीद पाहिली म्हणजे या वाटेवरून एके काळीं केवढीं सैन्यें गेलीं असतील याची कल्पना येते. १४३७ सालीं बहमनी सरदार खलफ हसन बसरी यानें खानदेशच्या नासीरखान फारुकीचा येथें पराभव केला. पुढें सुमारें दीडशें वर्षांनीं, १५९१ सालीं, याच गांवाच्या शिवारांत दुसरी लढाई झाली. ती परमुलुखांतून घरीं परत निघालेल्या एका माणसाची लढाई होती.

तो माणूस म्हणजे अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा. भावाशीं वैर पत्करून तो देशोधडीला लागला होता व अकबर बादशहाच्या आश्रयास जाऊन राहिला होता. मागें अहमदनगरच्या गादीवर उलथापालथ झाली आणि अखेर खुद्द बुऱ्हाणाचाच अल्पवयी मुलगा इस्माइल याला जमालखान नांवाच्या सरदारानें तख्तावर बसविलें. बुऱ्हाण घरीं जाण्यास निघाला तेव्हां अकबरानें त्याला फौज देऊं केली. बुऱ्हाणानें ती नाकारली. मोगलांची फौज घेऊन गेल्यास दक्षिणेंतील लोक बिथरतील, असें त्याचें म्हणणें होतें. खानदेशच्या राजे अलीखानाच्या साह्यानें त्यानें रोहिणखेडास जमालखानाचा मोड केला, जमालखान रणांत पडला, आणि बुऱ्हाण आपल्याच मुलाला बाजूस सारून गादीवर बसला. परंतु चार वर्षांतच तो मरण पावला, आणि ज्या मोगल फौजेला त्यानें घराबाहेर ठेवलें होतें तीच त्याच वर्षाच्या अखेरीस अहमदनगरच्या कोटाला येऊन भिडली.

राजकारणाचा भाग सोडून दिला तरी या हकीकतींत एक प्रश्न उरतो, आणि तो राजालाच पडतो असें नाहीं. दूरदेशीं राहून घराकडे वळलेल्या प्रत्येक माणसापुढें तो लहानमोठ्या प्रमाणांत उभा राहतो. तिकडचें काय बरोबर न्यावयाचें, काय मागें ठेवावयाचें, आणि आपण ज्याला घर म्हणत आलों तें अजून आपलें राहिलें आहे काय? हा प्रश्न ज्यांना फार तीव्रतेनें सोडवावा लागला असा एक वर्ग म्हणजे ख्रिस्ती मिशनच्या सेवेसाठीं परदेशीं गेलेल्या स्त्रीपुरुषांचा होय. त्यांच्या धर्ममतांशीं कोणी सहमत असो वा नसो, त्यांच्या परतीच्या कथांत मनुष्यस्वभावाचा एक कोपरा उजळून निघतो, यांत शंका नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन संस्थेचे सेवक वऱ्हाडांत काम करूं लागले. अकोला, खामगांव, बुलढाणा, मलकापूर अशा ठिकाणीं त्यांचीं ठाणीं झालीं. थंडीच्या दिवसांत तंबू घेऊन गांवोगांव हिंडावें, उन्हाळ्यांत बंगल्याच्या दारांना वाळ्याचे पडदे लावून बसावें, पावसाळ्यांत चिखलानें अडलेल्या वाटा मोकळ्या होण्याची वाट पाहावी, असा त्या काळच्या सेवकांचा क्रम असे. बुलढाण्याहून स्वदेशीं निघणाऱ्यास घाट उतरून मलकापुरास यावें लागे. तेथून आगगाडीनें मुंबई आणि मुंबईहून बोट. कागदावर हा मार्ग दोन ओळींत मांडतां येतो. परंतु त्याची तयारी कित्येक आठवडे चाले. घरसामानांतलें काय विकावयाचें आणि काय वाटून टाकावयाचें, शाळेच्या किल्ल्या कोणाच्या हातीं द्यावयाच्या, अर्धवट राहिलेल्या औषधोपचाराचें पुढें काय, बोर्डिंगांतल्या पोरक्या मुलीच्या लग्नाची जबाबदारी कोणी घ्यावयाची, या गोष्टी ट्रंकेंत मावणाऱ्या नव्हत्या. आणि ज्या कुटुंबानें आपलें एखादें मूल या मातींत ठेविलें असेल, त्याला कबरस्तानाच्या भिंतीपाशीं शेवटची फेरी घातल्यावांचून गाडींत पाय ठेववत नसे.

मराठी मुलखांतील अमेरिकन मिशनचा आरंभच परतीच्या सक्तीनें झाला, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या ध्यानांत नाहीं. १८१३ च्या फेब्रुवारींत गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे दोघे अमेरिकन तरुण मुंबईस उतरले. त्या वेळीं कंपनी सरकार मिशनरी लोकांस आपल्या मुलखांत राहूं देण्यास नाखूष होतें. त्यांत भर म्हणून इंग्लंड व अमेरिका यांचें युद्ध चालू होतें. दोघांनाही देशाबाहेर जाण्याचा हुकूम झाला. त्यांनीं अर्ज केले, मुदती मागितल्या, एकदां तर गुपचूप कोचीनपर्यंत गेले व तेथून त्यांना परत आणण्यांत आलें. अखेर त्यांना बोटीवर चढविण्याची सारी सिद्धता झाली. त्या स्थितींत हॉल यानें गव्हर्नर सर इव्हॅन नेपिअन यांस आणखी एक विनवणी लिहिली. नेपिअन हे धार्मिक वृत्तीचे गृहस्थ होते. त्यांनीं पुढील हुकूम येईपर्यंत त्या दोघांस राहूं दिलें, आणि पुढें विलायतेहून आलेल्या निर्णयानें तें राहणें कायम झालें. जाण्यासाठीं बांधलेलें सामान सोडून हॉल मुंबईंत स्थिर झाला. नॉट यास मात्र यकृताच्या विकारामुळें लौकरच स्वदेशीं परतावें लागलें.

हॉलच्या आयुष्यांत परतीची वेळ पुन्हा एकदां आली, आणि या वेळीं सक्ती सरकारची नव्हती. त्यानें १८१६ सालीं मुंबईंत मार्गारेट ल्यूइस या इंग्रज तरुणीशीं विवाह केला होता. १८२५ सालीं त्यांच्या दोन लहान मुलांची प्रकृति इतकी खालावली कीं हवापालट केल्याखेरीज तीं जगणार नाहींत असें दिसूं लागलें. सहकाऱ्यांचा आग्रह असा कीं हॉल यानेंही कुटुंबाबरोबर अमेरिकेस जावें. परंतु मुंबईंतील माणसें थोडीं होतीं, कित्येक मृत्यु पावलीं होतीं, नव्या कराराच्या मराठी भाषांतराचें छापकाम हातीं होतें. त्यानें आपण राहावें व पत्नीनें मुलांस घेऊन जावें असें ठरलें. ही तयारी कशी झाली असेल? जिनें अमेरिका कधीं पाहिली नव्हती अशी स्त्री आजारी मुलांस घेऊन पतीच्या देशाकडे निघाली. आणि ज्याचा तो देश होता तो बंदरावर उभा राहिला. घरीं कोण चाललें होतें आणि घरापासून दूर कोण होत होतें, हें सांगणें कठीण आहे.

त्या प्रवासांत थोरला मुलगा समुद्रावरच वारला. इकडे १८२६ च्या मार्चमध्यें हॉल नाशिक भागांत फिरतीवर गेला. तेथें पटकीची सांथ जोरांत होती. आपल्याजवळचें औषध त्यानें रोग्यांना वाटलें आणि परतीची वाट धरली. वाटेंत त्यालाच त्या रोगानें गांठलें व २० मार्च रोजीं एका देवळाच्या ओसरीवर त्याचा अंत झाला. तेरा वर्षांपूर्वीं ज्याला जबरदस्तीनें घरीं पाठविण्याचा हुकूम झाला होता तो येथेंच मातीस मिळाला. मराठी नवा करार त्याच सालीं मुंबईंत छापून पुरा झाला. त्याचा धाकटा मुलगा वांचला; पित्याचें नांव धारण करणारा हा मुलगा पुढें मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील नॉर्थॅम्प्टन येथें धर्मोपदेशक झाला.

त्या काळच्या अंतराची कल्पना आज करणें अवघड आहे. सुएझचा कालवा १८६९ सालीं खुला झाला. तत्पूर्वीं शिडाच्या जहाजानें अमेरिकेस जावयाचें तर आफ्रिकेच्या टोकास वळसा घालून जावें लागे व प्रवासास चार-पांच महिने लागत. बोस्टनच्या बाजूचा बर्फ त्याच लांबच्या वाटेनें जहाजांतून मुंबईस येई आणि येथील श्रीमंतांच्या पेल्यांत विरघळे. त्याच वाटेनें थकलेलीं, तापानें खंगलेलीं माणसें उलट दिशेनें जात. प्रकृतीसाठीं घरीं जा, असें डॉक्टर सांगत. परंतु तो सल्ला पुष्कळदां इतक्या उशिरां मिळे कीं समुद्राच्या हवेलाही कांहीं करतां येत नसे. ‘ज्ञानोदय’ पत्राचे एक आरंभीचे संपादक रॉबर्ट विल्सन ह्यूम हे पंधरा वर्षांच्या सेवेनंतर १८५४ सालीं कुटुंबासह स्वदेशीं निघाले आणि वाटेंतच समुद्रावर वारले. अहमदनगरचे हेन्री बॅलंटाइन यांनीं तीस वर्षें तेथें काढलीं, मराठींत अनेक ख्रिस्ती गीतें रचलीं. तेही १८६५ सालीं घरच्या वाटेवर जहाजावर मरण पावले. या दोघांनाही आपलें घर पुन्हा दिसलें नाहीं.

परंतु या दोन्ही घरांतील पुढची पिढी पाहिली म्हणजे ‘घर’ या शब्दाचा अर्थच उलटा होतो. बॅलंटाइन यांचीं अनेक मुलें मराठी मुलखांत सेवेसाठीं राहिलीं. त्यांतील एक पुत्र राहुरी येथें डॉक्टर म्हणून परिचित होता. ह्यूम यांचा मुलगा रॉबर्ट ॲलन याचा जन्म १८४७ सालीं भायखळ्यास झाला. वडिलांच्या मृत्यूच्या वेळीं तो सात वर्षांचा होता. विधवा मातेनें अमेरिकेंत मुलांना वाढविलें, येल विद्यालयांत त्याचें शिक्षण झालें, आणि १८७४ सालीं तो अहमदनगरास आला. अमेरिकेंतील आप्तांच्या दृष्टीनें तो परदेशीं चालला होता. त्याच्या दृष्टीनें तो जन्मभूमीस परतत होता. ज्या भाषेचे पहिले बोल कानीं पडले त्या भाषेच्या गांवीं जाणें याला परदेशगमन म्हणावयाचें कीं घरीं येणें म्हणावयाचें? दुष्काळांत त्यानें केलेल्या कामाबद्दल १९०१ सालीं सरकारनें त्याला कैसर-इ-हिंद हें सुवर्णपदक दिलें.

परतीच्या तयारींत दुसऱ्या एका प्रकारची कसोटी असते. ती म्हणजे घरीं जाऊन पुन्हा परत येण्याची. या कसोटीस पुरेपूर उतरलेली स्त्री म्हणजे मिस सिंथिया फरार. १८२७ सालच्या अखेरीस ती मुंबईस आली. तिच्या वेळेपर्यंत अविवाहित स्त्रीला इतक्या दूर एकटी पाठविण्याचा प्रघात अमेरिकन मिशनांत नव्हता. तो पहिला मान तिचा. मुंबईंत तिनें मुलींच्या शाळांची देखरेख केली. मुलींना शाळेंत धाडण्यास आईबाप तयार नसत, त्या काळीं हें काम म्हणजे रोज नव्यानें पाया खणण्यासारखें होतें. दहा वर्षांनीं, १८३७ सालीं, तिची प्रकृति ढासळली व तिला घरीं जावें लागलें.

वयाचीं चाळीस वर्षें उलटलेली, आजारानें थकलेली एक स्त्री माहेरच्या उबेंत जाऊन पोहोचते. तिनें तेथेंच राहावें असें म्हणणारे कमी नसतील, आणि तिला कोणी दोष दिला नसता. पण १८३९ सालीं ती पुन्हा हिंदुस्थानांत आली आणि या वेळीं अहमदनगरास राहिली. तेथील तिची मुलींची शाळा पुढें पुण्याच्या एका तरुणानें पाहिली. त्याचें नांव जोतीराव फुले. ती शाळा पाहून आपल्या मनांत स्त्रीशिक्षणाचा विचार दृढ झाला, हें जोतीरावांनीं स्वतःच पुढें सांगितलें आहे. १८४८ सालीं त्यांनीं पुण्यास मुलींची शाळा काढली. मिस फरार १८३९ सालीं परत आली नसती तर जोतीरावांनीं शाळा काढलीच नसती, असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्यांची ज्योत स्वतःचीच होती. परंतु ती चेतण्याच्या वेळीं जवळ एक दिवा होता, आणि तो दिवा एकदां घरीं गेलेल्या व पुन्हा निघालेल्या बाईच्या हातांत होता, एवढें खास. १८६२ सालीं तिनें अहमदनगरासच देह ठेविला.

आतांपर्यंतच्या कथा तिकडून इकडे आलेल्यांच्या झाल्या. इकडून तिकडे गेलेल्या व घरीं परतण्याची तयारी करणाऱ्या मराठी माणसांत पंडिता रमाबाईंचें स्थान पहिलें आहे. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या. तेथें वाँटेज येथें त्यांनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. १८८६ च्या मार्चमध्यें डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठीं त्या अमेरिकेंत फिलाडेल्फियास पोहोचल्या. थोड्याच दिवसांसाठीं म्हणून गेलेल्या रमाबाई तेथें अडीच वर्षांहून अधिक राहिल्या. मधल्या काळांत आनंदीबाई घरीं परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास वारल्या. परत जाऊन कार्य करावयाचें तर आयुष्याची शाश्वति नाहीं, हा धडा रमाबाईंना याहून जवळून कोणता मिळणार?

त्यांची परतीची तयारी हें एक स्वतंत्र कार्यच होऊन बसलें. हिंदु विधवांसाठीं शाळा काढावयाची हें त्यांचें ध्येय. त्यासाठीं त्यांनीं संस्थानामागून संस्थान पालथें घातलें, व्याख्यानें दिलीं, उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहून त्याच्या विक्रीचा पैसा कार्यास लाविला. बालोद्यान शिक्षणाची फ्रोबेलची पद्धति त्यांनीं जिज्ञासेनें अभ्यासिली. १८८७ च्या डिसेंबरांत बोस्टन येथें ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झालें व दहा वर्षेंपर्यंत शाळेचा भार उचलण्याचें त्यानें मान्य केलें. अमेरिकेंतील समाज, शाळा, स्त्रियांच्या संस्था यांविषयीं जें पाहिलें तें सारें मराठी वाचकांसाठीं त्यांनीं ग्रंथरूपानें मांडलें. ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा तो ग्रंथ १८८९ सालीं मुंबईस प्रसिद्ध झाला. शिदोरी म्हणावयाची ती ही. १८८८ च्या नोव्हेंबरांत सॅन फ्रान्सिस्कोहून त्या निघाल्या आणि जपानवरून मुंबईस आल्या. पश्चिमेकडे तोंड करून गेलेली ही बाई पूर्वेच्या समुद्रांतून घरीं परतली. म्हणजे परतीची वाट धरून तिनें पृथ्वीप्रदक्षिणाच पुरी केली. उतरल्यावर महिनादीड महिन्याच्या आंत, ११ मार्च १८८९ रोजीं, मुंबईंत शारदासदन सुरू झालें.

परंतु बुऱ्हाण निजामशहापुढें जो पेंच होता तो रमाबाईंनाही चुकला नाहीं. बाहेरून आणलेलें साह्य घरांत कोणत्या अटींवर घ्यावयाचें? शारदासदनांत कोणत्याही धर्माची सक्ति होणार नाहीं, विद्यार्थिनींना आपापले आचार पाळतां येतील, असें ठरलें होतें. त्या भरंवशावर रानडे-भांडारकरांसारखे गृहस्थ सल्लागार मंडळांत आले. पुढें कांहीं मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसूं लागल्या. आपल्या प्रार्थनेचें दार लावून घेणें रमाबाईंना पटेना. तर मुलींच्या पालकांना दिलेल्या शब्दाला हें सोडून आहे असें टीकाकार म्हणूं लागले. ‘केसरी’नें कडक हल्ला चढविला आणि १८९३ सालीं सल्लागार मंडळानें आपलें अंग काढून घेतलें. दोन्ही पक्षांना आपापली बाजू होती. रमाबाईंना आपली श्रद्धा घराच्या उंबऱ्याबाहेर काढून ठेवतां येत नव्हती, आणि समाजाला आपल्या मुलींची काळजी सोडतां येत नव्हती. तरीही त्याच शारदासदनांतील गोदूबाई या विद्यार्थिनीशीं त्याच १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं पुनर्विवाह केला, आणि त्या घरांतून महाराष्ट्रांतील स्त्रीशिक्षणाची दुसरी मोठी वाट निघाली. घरीं आणलेलें बीज कोणत्या वाफ्यांत रुजेल, हें आणणाऱ्याच्या हातीं नसतें.

आतां शेवटची एक परत पाहावयाची. डॉक्टर विल्यम वानलेस हे कानडांत जन्मलेले गृहस्थ १८८९ सालीं हिंदुस्थानांत आले. मिरजेस त्यांनीं उभारलेलें रुग्णालय १८९४ सालीं सुरू झालें. दक्षिण महाराष्ट्र, कर्नाटक आणि त्यापलीकडूनही रोगी बैलगाड्यांतून व आगगाडीनें तेथें येत. मिरजेजवळील वानलेसवाडी हें नांव आजही त्यांची आठवण देतें. १९२८ सालीं त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला व त्याच सालीं, सुमारें चाळीस वर्षांच्या सेवेनंतर, ते मिरज सोडून निघाले. १९३३ सालीं त्यांचा अंत अमेरिकेंत कॅलिफोर्नियांत झाला. अहमदनगरचे रॉबर्ट ॲलन ह्यूम हेही १९२६ सालीं निवृत्त होऊन अमेरिकेस गेले व १९२९ सालीं वारले. भायखळ्यास जन्मलेल्या त्या वृद्धाला आयुष्याच्या संध्याकाळीं ‘घरीं’ म्हणून जो देश गांठावयाचा होता, तेथें त्याचें बालपण व शिक्षण सोडल्यास फारसें कांहीं घडलेलें नव्हतें.

अशा वृद्धांच्या परतीची तयारी तरुणांच्या तयारीहून निराळी असते. तरुण माणूस जातांना ‘पुन्हा येऊं’ असें म्हणूं शकतो. वृद्धाला तें म्हणतां येत नाहीं. त्याला निरोप पुरा घ्यावा लागतो. आणि निरोप पुरा घ्यावयाचा म्हणजे कामावरचा हक्क सोडावयाचा. मिरजेचें रुग्णालय वानलेस गेल्यावरही चाललें, कारण जाण्याच्या कितीतरी वर्षें आधींपासून त्यांनीं हाताखालीं माणसें शिकवून तयार केलीं होतीं. म्हणजे त्यांची परतीची तयारी १९२८ सालीं सुरू झाली नव्हती. ज्या दिवशीं पहिल्या विद्यार्थ्याच्या हातीं त्यांनीं शस्त्र दिलें त्याच दिवशीं ती सुरू झाली होती. जो आपल्यावांचून काम अडावें अशी व्यवस्था करतो, त्याच्या ट्रंका भरल्या तरी तयारी झाली असें म्हणतां येणार नाहीं.

आज काळ पालटला आहे. परदेशगमन आतां महिन्यांच्या मुदतीनें होतें. कोणी सहा महिने रुग्णालयांत सेवा देण्यास जातो, कोणी वर्षभर शाळेंत शिकवितो. चार-पांच महिन्यांचा समुद्र विमानानें एका दिवसांत ओलांडतां येतो. मुंबईच्या विमानतळावरून निघालेला माणूस दुसऱ्या दिवशीं बोस्टनला जेवावयास बसतो. ही सोय मोठीच आहे; परंतु तिनें एक गोष्ट हिरावून घेतली. जहाजावरचे ते लांबलचक आठवडे म्हणजे एका घरांतून उठून दुसऱ्या घरांत बसण्यापूर्वींची मनाची ओसरी होती. तेथें बसून माणूस मागचें आठवी, पुढचें योजी, रडावयाचें तें रडून घेई. आतांच्या प्रवाशाला ओसरीच उरली नाहीं. म्हणून त्यानें परतीची तयारी निघण्याच्या आधींच, राहत्या गांवींच, जाणीवपूर्वक करावयास हवी. ज्यांचें देणें असेल त्यांचें देऊन टाकावें, ज्यांना वचन दिलें असेल त्यांना तें पुरें होणार कीं नाहीं हें स्पष्ट सांगावें, आणि ज्यांनीं आपल्याला भाषा शिकविली, पाणी दिलें, आजारांत उशाशीं बसले, त्यांच्या दारीं जाऊन यावें. सेवा करण्यास गेलेला माणूस घेऊनही पुष्कळ येतो; जातांना तें मोकळेपणानें कबूल करणें हाच खरा निरोप.

घरच्या माणसांचेंही एक कर्तव्य आहे. परत आलेल्याला पहिल्याच दिवशीं ‘तिकडे कसें काय?’ असें विचारून दोन वाक्यांत उत्तर मागूं नये. सासरहून आलेल्या मुलीला आई प्रथम पाणी देते, मग जेवूं घालते. बोलणें रात्रीं दिवा मालवल्यावर आपोआप निघतें. दूरदेशाहून आलेल्यालाही तेवढीच सवड हवी असते. त्याच्या बोलण्यांत परक्या भाषेचा एखादा शब्द येईल, जेवणाच्या वेळा चुकतील, घरांतली एखादी रीत त्याला टोचेल. तो बदलला म्हणून घर त्याचें राहिलें नाहीं असें नव्हे. मात्र घरालाही थोडें सरकून जागा करावी लागते.

रोहिणखेडच्या रणांत जो परतला त्याला तख्त मिळालें, पण तें मिळविण्यासाठीं पोटच्या मुलाला बाजूस करावें लागलें. नाशिकच्या वाटेवर जो पडला त्याला घर मिळालें नाहीं, पण त्याच्या हातचें पुस्तक पुरें झालें. अहमदनगरास जी परत आली तिच्या शाळेच्या दारांतून एक तरुण विचार करीत बाहेर पडला. मुंबईस जी उतरली तिनें पृथ्वीला वळसा घालून आणलेल्या शिदोरींतून दुसऱ्यांच्या मुलींना घांस दिला. या साऱ्यांच्या पेट्यांत काय काय होतें याची यादी कोणी केली नाहीं, आणि त्याची जरूरही नाहीं. परतणाऱ्यानें मागें काय सोडलें आणि पुढें कोणाच्या हातीं काय दिलें, एवढ्यावरूनच त्याच्या प्रवासाचें मोल ठरतें. घाटाखालच्या त्या जुन्या गांवावरून आजही माणसें जातात आणि येतात; कांहीं कामासाठीं, कांहीं लग्नकार्यासाठीं, कांहीं केवळ आईला भेटण्यासाठीं. वाट तीच आहे. शिदोरी ज्याची त्यानें बांधावयाची असते.